गोळी की बंद दार?

२००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला. शाळा बंद झाल्या आणि टॅमिफ्लू हे नाव घरोघरी पोचले. फ्लूच्या साथीत गोळी श्रेष्ठ की घरात थांबणे, हा वाद तेव्हापासून चालू आहे. दोन्ही पक्ष विज्ञानाचा हवाला देतात. तो हवाला कितपत भक्कम आहे, हे पाहण्यासाठी आम्ही दोन गाजलेली संशोधने तपासावयास घेतली आहेत.

पहिले संशोधन कोक्रेन या संस्थेच्या गटाचे, २०१४ मधील. पेशीत तयार झालेले नवे विषाणू न्यूरामिनिडेज या विकराच्या मदतीने पेशीपासून सुटतात. टॅमिफ्लू, म्हणजे ओसेल्टामिविर, त्या विकरालाच अडवते. म्हणून ते पहिल्या ४८ तासांत घ्यावे, असे सांगतात. या औषधाने गुंतागुंत टळते, असे दहा चाचण्यांच्या आधारे २००३ मध्ये मांडले गेले होते. परंतु त्यांपैकी आठ चाचण्या पूर्णपणे प्रसिद्धच झालेल्या नाहीत, याकडे केइजी हायाशी या जपानी बालरोगतज्ज्ञाने २००९ मध्ये लक्ष वेधले. कोक्रेनच्या गटाने मग चाचण्यांचे मूळ अहवाल मागितले. ते हाती येण्यात काही वर्षे गेली. निष्कर्ष असा निघाला : प्रौढांचा त्रास सात दिवसांऐवजी ६.३ दिवसांत शमतो. मळमळ व उलट्या वाढतात. रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटल्याचा पुरावा मिळत नाही. तोवर ब्रिटनने या एका औषधाच्या साठ्यावर ४२ कोटी पौंडांहून अधिक रक्कम खर्च केली होती.

झाकलेला पुरावा उघडा करणे, हे या गटाचे मोठे काम. पण त्याच्या निष्कर्षाचा अर्थ जपून लावला पाहिजे. चाचण्यांतील बहुतेक माणसे एरवी निरोगी होती आणि त्यांना नेहमीचा हंगामी फ्लू झाला होता. अशांना रुग्णालयात क्वचितच जावे लागते. त्यामुळे अत्यवस्थ रुग्णाला गोळीचा किती उपयोग होतो, हे त्या चाचण्यांतून कळणे कठीणच होते. ‘पुरावा नाही’ आणि ‘उपयोग नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत.

दुसरे संशोधन हॉवर्ड मार्केल व सहकाऱ्यांचे, २००७ मधील. त्यांनी अमेरिकेतील ४३ शहरांच्या १९१८-१९ मधील नोंदी अभ्यासल्या. जेथे शाळा व सभा लवकर आणि दीर्घकाळ बंद राहिल्या, तेथे मृत्यू कमी झाले. फिलाडेल्फियात साथ आलेली असतानाही २८ सप्टेंबर १९१८ रोजी प्रचंड मिरवणूक निघाली. सेंट लुईसने पहिले रुग्ण आढळताच काही दिवसांत दारे लावली. तेथील साप्ताहिक मृत्युदराचे शिखर फिलाडेल्फियाच्या सुमारे एक-अष्टमांश राहिले. नोव्हेंबरमध्ये बंधने सैल होताच मात्र तेथे मृत्यू पुन्हा वाढले.

हा पुरावा प्रभावी आहे, पण तो प्रयोगाचा नव्हे, इतिहासाचा आहे. साथ अमेरिकेच्या पूर्वेकडून आली, त्यामुळे पश्चिमेकडील शहरांना आधी इशारा मिळाला होता. अनेक उपाय एकदम योजल्यामुळे नेमके श्रेय कोणाचे, हे वेगळे काढता येत नाही. शिवाय फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्यापूर्वी सुमारे एक दिवस आधीपासून विषाणू पसरवू शकतो. आजारी पडल्यावर खोलीत बसणाऱ्याला उशीर झालेला असतो. संपूर्ण दार लावण्याचे उदाहरण अमेरिकन सामोआचे. १९१८ मध्ये तेथे एकही बळी गेला नाही. शेजारच्या पश्चिम सामोआत सुमारे एक-पंचमांश लोक दगावले. परंतु बंदर रोखून बेट वाचते. एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या, रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाने कोणते दार लावावे?

म्हणून ‘गोळी की दार’ हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे, असे आमचे मत आहे. गोळी एका रुग्णाचे काही तास वाचवते. दार समाजाला काही आठवडे मिळवून देते. त्या आठवड्यांचे चीज लस, खाटा आणि परिचारिका यांच्या तयारीवर अवलंबून असते. सेंट लुईसपाशी लस नव्हती. २००९ मध्ये ती सुमारे सहा महिन्यांत तयार झाली. या मिळालेल्या वेळेची किंमत मुलांचे वर्ग आणि गरिबांची मजुरी यांतून चुकवली जाते. ती वाया जाऊ नये, असे मागण्याचा हक्क शिक्षकांना आहे. त्याबरोबरच विद्यार्थ्यांना प्रत्येक दाव्यापुढे तीन प्रश्न विचारायला शिकवावे : कोणावर तपासले? काय मोजले? आणि काय प्रसिद्ध केले नाही?