पडदा, सुई आणि पेट्रोलचा घोट

ग्रास कटरचं कौतुक निघालं की लोक पात्याबद्दल बोलतात. साहजिक आहे. पातं दिसतं, वाजतं, कमरेएवढी रानमोडी सपासप आडवी करतं. पण या यंत्राची खरी करामत इंजिनाच्या मागच्या अंगाला, एअर फिल्टरच्या आड बसलेली आहे. आगपेटीएवढा तो कार्बोरेटर हातात घेऊन, त्याचे स्क्रू काढून आत पाहिल्याशिवाय ग्रास कटर कळला असं मी म्हणणार नाही.

कोकणात पाऊस ओसरला की आंब्या-काजूच्या बागांत बेणणीची घाई उडते. गवत वेळेवर पडलं नाही तर थंडीत ते वाळतं, आणि पुढे एखादी ठिणगी वणवा होऊन वाढवलेली कलमं जाळून जाते. बागा सपाटीवर थोड्याच. बहुतेक डोंगरउतारावर, जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून चढत गेलेल्या. मशीन मारणारा गडी पट्टा खांद्याला अडकवून कधी वरच्या दळीकडे पातं उचलतो, कधी खालच्या दळीत सोडतो, गडग्यावरची घाणेरी छाटताना ते जवळजवळ उभंही धरतो. प्रत्येक वेळी इंजिन कलतं, आणि तरीही ते चालत राहतं. हे कसं जमतं, ते पाहण्यासारखं आहे.

जुन्या मोटरसायकलच्या कार्बोरेटरात पेट्रोलची एक वाटी असते, तिच्यात फ्लोट तरंगतो. पेट्रोल वर आलं की फ्लोट वर येतो आणि वाट बंद होते. सगळा कारभार गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर. तो कार्बोरेटर आडवा धरा, एक तर पेट्रोल वाहून जाईल नाही तर इंजिन उपाशी मरेल. ग्रास कटरच्या कार्बोरेटरात वाटीच नाही आणि फ्लोटही नाही. आहेत ते दोन पातळ पडदे.

पहिला पडदा पंपाचा. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन वर चढला की खाली क्रँककेसमधला दाब उतरतो, पिस्टन खाली आला की दाब वाढतो. हा चढउतार एका बारीक भोकातून कार्बोरेटरपर्यंत पोचतो आणि पडद्याला आतबाहेर हलवतो. त्याच पडद्यात कापलेल्या दोन जिभल्या झडपांचं काम करतात. एकीतून पेट्रोल आत येतं, दुसरीतून पुढे जातं. इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर असेल तर हा पडदा सेकंदाला १५० वेळा हलतो. वेगळा पंप नाही, पट्टा नाही, वायर नाही. जो दाब इंजिनात असणारच होता, त्यालाच कामाला जुंपलं आहे. अशी काटकसर मला कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा जास्त आवडते.

दुसरा पडदा मापाचा. त्याच्या एका अंगाला पेट्रोलची उथळ खोली, दुसऱ्या अंगाला झाकणाच्या भोकातून येणारी साधी हवा. इंजिनाने हवा ओढली की तिच्याबरोबर खोलीतलं पेट्रोल खेचलं जातं आणि खोलीतला दाब उतरतो. मग बाहेरची हवा पडद्याला आत ढकलते, पडद्याची मधली टिकली एका इवल्याशा तरफेवर टेकते, तरफ सुई उचलते आणि पेट्रोलचा घोट आत येतो. खोली भरली की स्प्रिंग सुईला परत जागेवर बसवते. इंजिन जेवढं पितं तेवढंच आत येतं, मशीन उभी असो, कललेली असो की आडवी. तरफेची उंची मिलिमीटरच्या अंशाने चुकली तरी फरक पडतो. ती वर राहिली तर प्लग सतत ओला, खाली राहिली तर ऐन रेसमध्ये इंजिन बसतं. म्हणून तिला उगाच वाकवू नये.

आता हा कार्बोरेटर प्रत्यक्ष उघडून पाहू. बहुतेक मॉडेलांत पंपाच्या बाजूला एक स्क्रू आणि मापाच्या बाजूला चार. पंपाच्या झाकणाखाली बारीक जाळी असते, तिच्यावर बसलेला कचरा बऱ्याचदा सगळ्या तक्रारीचं मूळ निघतो. मापाच्या बाजूला अंगाशी आधी गॅस्केट आणि वर पडदा, पंपाच्या बाजूला बहुधा याच्या उलट. काढताना क्रम पाहून ठेवला तर लावताना घोळ होत नाही. मग पडदा दोन बोटांत धरून हलकेच वाकवावा. चांगला पडदा मऊ असतो, आवाज न करता वळतो आणि सोडला की सपाट होतो. बिघडलेला ताठ असतो, कडेला सुरकुततो, बोटाखाली कुरकुरतो. उजेडासमोर धरला तर कधी टाचणीच्या टोकाएवढं भोकही दिसतं. अशा पडद्याची मशीन थंडपणी चोकवर कशीबशी सुरू होते आणि चोक काढताच बंद पडते. अशी तक्रार आली की मी आधी पडद्यावरच संशय घेतो. पडदे आणि गॅस्केटचा किट मिळतो, तो कार्बोरेटरवरचा नंबर पाहून घ्यावा. जेटमध्ये तार खुपसणं मात्र कटाक्षाने टाळावं. आतली भोकं मापाने पाडलेली असतात, एकदा वाढली की मिश्रणाचं गणित कायमचं बिघडतं. आणि दोन पडद्यांपायी अख्खा कार्बोरेटर फेकून स्वस्तातला नवा बसवायची जी रीत पडली आहे, ती मला अजिबात मान्य नाही.

हा पडदा ताठ होतो तो वापरापेक्षा साठवणीने, म्हणजे आत पडून राहिलेल्या पेट्रोलने. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, आणि कोकणातल्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. पाण्याचं प्रमाण एका हद्दीपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी जातात. टू-स्ट्रोकच्या बाबतीत याचा पुढचा भाग भयंकर आहे. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल वरच्या थरात राहतं आणि टाकीतला फिल्टर तळाशी लोळत असतो. म्हणजे इंजिनाला जातो तो बिनतेलाचा थर. इथे वंगणाची वेगळी सोय नसते. पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगना तेल मिळतं ते याच मिश्रणातून, कुठे १:५०, कुठे १:२५, म्हणजे लिटरला २० किंवा ४० मिलिलिटर, मशीनच्या पुस्तिकेत लिहिलं असेल तसं. तेल गेलं की पिस्टन सीझ होतो. सायलेन्सर खोलून त्या दारातून टॉर्च मारली की पिस्टनच्या अंगावर उभे करडे ओरखडे दिसतात. ते पाहताना मला खरोखर वाईट वाटतं, कारण पाच मिनिटांच्या काळजीने ते टळले असते.

चांगल्या लावलेल्या इंजिनाचा आवाज ऐकणं हा वेगळाच आनंद आहे. पूर्ण रेस द्यावी आणि पातं गवताला न लावता मोकळं फिरू द्यावं. आवाज किंचित भरडा, मधेच फुटणारा असला पाहिजे. मिश्रण थोडं जाड असल्यामुळे इंजिन प्रत्येक फेरीला नीट पेट घेत नाही. मग पातं गवतात शिरतं, इंजिनावर भार येतो आणि त्या क्षणी तोच आवाज स्वच्छ, सणसणीत होतो. हा बदल कानाला पटला की स्क्रूला हात लावायचं कारण उरत नाही. मोकळं असतानाच आवाज चढा, कोरडा, कानाला टोचणारा असेल तर पेट्रोल कमी पडतं आहे आणि त्याबरोबर तेलही. गडी खूश होतो, मशीन जोरात पळते म्हणून. पण ती स्वतःला जाळत असते. अशा वेळी कार्बोरेटरवरचा एच (H) अक्षराचा, म्हणजे पूर्ण रेसच्या मिश्रणाचा स्क्रू थोडा सोडून मिश्रण जाड करावं. त्याआधी कार्बोरेटर आणि इंजिन यांमधली पॅकिंग मात्र तपासावी, कारण तिथून शिरणारी फुकटची हवाही हाच आवाज काढते.

कार्बोरेटरवर आळ घेण्याआधी शेजारीपाजारीही पाहून घ्यावं. मशीन दहा मिनिटं चालून मरते आणि टाकीचं झाकण सैल केलं की पुन्हा चालते, तर दोष टाकीत हवा घेणाऱ्या व्हेंटचा. सुरू होते पण जोर धरत नाही, तर सायलेन्सरमधली ठिणग्या अडवणारी जाळी काजळीने बुजली असेल. ती काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. वाळल्या गवतात ती जाळीच बाग वाचवते. ती ब्रशने साफ करून परत बसवावी. प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक, काळंकुट्ट ओलं असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरकं असेल तर कमी.

पात्याकडच्या बाजूबद्दल थोडक्यातच सांगतो. हात लावण्याआधी प्लगची टोपी काढायची. पात्याच्या नटाला उलटे आटे असतात, तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. गिअर हेडमध्ये ग्रीस भरावं पण ठासून नाही, तापल्यावर ते सील फोडून बाहेर येतं. चीर गेलेलं पातं वेल्डिंग करून वापरू नये. पात्याच्या जागी लावतात त्या नायलॉन दोरीची कल्पना अमेरिकेतल्या ह्युस्टनच्या जॉर्ज बॅलस यांना १९७१ मध्ये गाडी धुणाऱ्या फिरत्या ब्रशांवरून सुचली. टिनाच्या डब्याला मासेमारीची दोरी बांधून त्यांनी पहिला प्रयोग केला. कलमाच्या बुंध्याजवळ पात्याऐवजी दोरी बरी, तीही सालीपासून हात राखूनच.

फोर-स्ट्रोक मशिनी आता पुष्कळ आल्या आहेत. त्यांत तेल वेगळं असतं, मिश्रणाची कटकट नाही. पण पडद्यांचा कार्बोरेटर त्यांनाही सुटलेला नाही, म्हणून वरचं बरंचसं त्यांनाही लागू आहे.

तेव्हा यंदाची बेणणी संपली की टाकी पूर्ण रिकामी करा. प्रायमरचा फुगा पाच-सहा वेळा दाबा, मशीन सुरू करा आणि ती आपणहून बंद पडेपर्यंत स्लोवर चालू द्या, म्हणजे पडद्याजवळचं पेट्रोलही संपेल. प्लग काढून आत टू-टी ऑइलचे चार थेंब सोडा, दोरी सावकाश दोनदा ओढा, प्लग परत लावा. पुढच्या मोसमाला लागेल तेवढंच ताजं मिश्रण करा. आणि पडद्यांचा एक किट घरात आणून ठेवा, कारण ऐन बेणणीत तो तालुक्याच्या दुकानात मिळेलच असं नाही.