‘गुदग्रंथी’ : एका संज्ञेची चिकित्सा

‘गुदग्रंथी’ ही संज्ञा सुटसुटीत असली, तरी शास्त्रीय लेखनात ती अपुरी ठरते. कुत्र्याच्या गुदद्वाराभोवतालच्या त्वचेतील ग्रंथी, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या गंधपिशव्या आणि मनुष्याच्या गुदनलिकेतील ग्रंथी या तिन्ही भिन्न रचनांना ती सारखीच लागू पडते. त्यांचे विकार मात्र भिन्न आहेत. पहिलीचे सौम्य अर्बुद नरसंप्रेरकावर पोसते, म्हणून वृषणोच्छेदनाने ते बहुधा ओसरते; दुसरीत स्राव तुंबतो; तिसरीच्या पूयदोषातून भगंदराचा उद्भव होतो, असे लंडनचे शल्यविशारद अ‍ॅलन पार्क्स यांनी १९६१ मध्ये प्रतिपादिले. शिवाय आयुर्वेदात ‘ग्रंथी’ म्हणजे गाठ. तेव्हा अवयव व विकार यांतील सीमाही पुसट होते. येथे नामभेदावर उपचारभेद अवलंबून आहे. म्हणून ‘परिगुद ग्रंथी’, ‘गुदकोश’ व ‘गुदनलिका-ग्रंथी’ अशा तीन संज्ञा योजणे इष्ट होय.