ब्लेड, कॉटरी, लेझर: जखमेचा हिशेब

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावहून पातूरमार्गे अकोल्याला ऑपरेशनसाठी निघालेल्या माणसाच्या मनात एक गोष्ट पक्की बसलेली असते: लेझर चांगलं, ब्लेड जुनाट. हा समज जाहिरातींनी रुजवला. संशोधनात त्याला तेवढा आधार नाही.

शरीर कापायचं ते मुख्यतः धारेनं किंवा उष्णतेनं. सुश्रुतसंहितेत 20 शस्त्रं सांगितली आहेत. छेदनाच्या शस्त्राची धार अर्ध्या केसाइतकी बारीक हवी, असा दंडक आहे. रक्त थांबवण्याच्या चार उपायांत डाग देणं सर्वांत शेवटी येतं. हा क्रम मला आजही शहाणपणाचा वाटतो.

ब्लेडच्या जखमेत पेशी मरतात त्या जवळपास छेदाच्या रेषेपुरत्याच. पहिल्या दोन दिवसांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात, मागोमाग मॅक्रोफेज मेलेलं सगळं साफ करतात, मग नवी ऊती धरते. लाली, सूज, ठणका ही याच कामाची लक्षणं. कॉटरीत उच्च वारंवारतेची वीज ऊतीतच उष्णता निर्माण करते. साधारण 60 अंशांना प्रथिनं गोठू लागतात, 100 अंशांना पेशीतलं पाणी उकळून पेशी फुटते. रक्तस्राव तिथल्या तिथे थांबतो, पण कडेला जळका थर उरतो. तो जाड असेल तर सफाई लांबते आणि दाहही लांबतो. सलग प्रवाहाचा 'कट' मोड कमी जाळतो, तुटक प्रवाहाचा 'कोॲग' जास्त. यंत्र तेच, सर्जन तोच, तरी टोक एका जागी क्षणभर रेंगाळलं की जखम बदलते.

1926 साली बॉस्टनमध्ये मेंदूचे सर्जन कुशिंग आणि यंत्र बनवणारे बोवी यांनी कॉटरीची ही पद्धत रूढ केली. जळलेल्या कडांमुळे पू धरेल ही भीती पुढे अनेक वर्षं टिकली. पोटाच्या मोठ्या छेदांवरच्या 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात 16 चाचण्या आणि 2,769 रुग्ण होते: जंतुसंसर्ग कॉटरीत 7.7 टक्के, ब्लेडमध्ये 7.4. फरक नगण्य, पुरावाही कमकुवत.

लेझरचं काय? कार्बन डायऑक्साइड लेझर 1964 मध्ये शोधणारे कुमार पटेल जन्मानं बारामतीचे, शिक्षणानं पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे. या लेझरचा किरण ऊतीतलं पाणीच शोषून घेतं, म्हणून तो उथळ राहतो. मूळव्याधीसाठी बहुधा वापरतात तो डायोड लेझर. त्याची उष्णता अधिक खोल जाते. फलकावर मात्र दोन्ही नुसतेच 'लेझर'! सेकंदाला 55,500 वेळा थरथरणारा 'हार्मोनिक' हा अल्ट्रासॉनिक चाकू कॉटरीपेक्षा कमी तापमानावर काम करतो, पण महाग आहे.

तेव्हा कॉटरीची धास्ती अनाठायी आणि लेझरची भुरळही. मला खटकतं ते वेगळंच. किती वॅट, कोणता मोड, टोक किती वेळ टेकलं, याची नोंद अनेक अभ्यासांतही नीट नसते. रक्तक्षय किंवा मधुमेह असलेल्या, टाके निघताच शेतात जाणाऱ्या आपल्या रुग्णाची जखम कशी भरते, हे इथेच तपासावं लागेल. वाशिमचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024 मध्ये सुरू झालं आहे. त्यानं तालुक्यांच्या रुग्णालयांना सोबत घेऊन प्रत्येक छेदाचं हत्यार, मोड आणि 30 दिवसांपर्यंतची जखमेची स्थिती नोंदवायला आजपासून सुरुवात करावी.