नामदेवांची विहीर आणि दामाजींचें कोठार

हिंगोली जिल्ह्यांत कयाधू नदीच्या कांठीं नरसी हें गांव आहे. परंपरा नामदेवांचें जन्मस्थान तेंच मानते. आणि विसोबा खेचरांनीं ज्या स्थळीं त्यांस उपदेश केला असें सांगतात, तें औंढा नागनाथाचें देवालयही याच जिल्ह्यांत आहे. संकटांत नाम तारतें, हें श्रोत्यांच्या मनावर बिंबवावयाचें असलें म्हणजे कीर्तनकार नामदेवांच्या विहिरीची कथा हटकून काढतात. महिपतींनीं 1762 सालीं पुर्‍या केलेल्या ‘भक्तविजयां’त ती आहे. तिचा जो अर्थ रूढ झाला आहे, तो आम्हांस मान्य नाहीं.

कथा वाचकांस ठाऊक आहेच. तीर्थयात्रेंत मारवाडच्या रुक्ष प्रदेशांत ज्ञानदेव व नामदेव तहानेनें व्याकूळ होतात. विहीर सांपडते, पण पाणी फार खोल. ज्ञानदेव लघिमा सिद्धीच्या बळानें खालीं जाऊन पाणी पितात व नामदेवांसाठींही आणूं म्हणतात. नामदेव तें नाकारून विठ्ठलाचा धांवा करतात आणि विहीर भरून वाहूं लागते. योगाहून भक्ति श्रेष्ठ, हा यांतील अभिप्राय उघड आहे व त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती पुढच्या उडीबद्दल. भाविकानें दोर-पोहर्‍याची चिंता वाहूं नये, हें महिपतींनीं कोठें म्हटलें आहे? भक्तीच्या पोटीं कोणी दोर घरीं ठेवून आलें, असें कथेंत नाहीं. आम्हांस तींतला भेद निराळा दिसतो. ज्ञानदेवांची सिद्धि ज्याच्यापाशीं आहे त्याचीच तहान प्रथम भागविते. कांठोकांठ आलेल्या विहिरीवर मात्र वाटेनें जाणार्‍या कोणासही ओंजळ भरतां येते.

याच ग्रंथांतील दामाजींची कथा तर या प्रश्नाच्या मुळाशींच जाते. मंगळवेढ्यास दुष्काळ पडला, लोक अन्नावांचून मरूं लागले; बेदरच्या बादशहाचे अधिकारी असलेल्या दामाजींनीं सरकारी कोठारें खुलीं केलीं. पुढें विठ्ठल विठू महाराच्या रूपानें बेदरास जाऊन धान्याची किंमत भरतो. कीर्तनांतला सारा रंग या शेवटच्या प्रसंगास चढतो. पण देवानें आकाशांतून एक दाणाही पाडला नाहीं, इकडे किती जणांचें लक्ष जातें? चमत्कार झाला तो हिशेबाच्या वहींत. भुकेल्यांच्या पोटांत गेलें तें धान्य शेतकर्‍यांनीं पिकविलेलें आणि आधींच्या बर्‍या वर्षांत सांठविलेलें होतें. कोठारें रिकामीं असतीं तर दामाजींच्या दयेनें काय उघडलें असतें? आणि भरलेलें असूनही त्यास कुलूपच राहिलें असतें, तर तें रिकाम्याहून अधिक क्रूर झालें असतें. कुलूप काढण्याची शिक्षा शिरच्छेद असूं शकते हें जाणून तें काढणें, एवढें काम श्रद्धेनें केलें. आणि तें लहान नव्हे.

ही चर्चा पोथीपुरती नाहीं. 21 मार्च 2024 रोजीं पहाटे हिंगोली जिल्ह्यांत 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला. घरांच्या पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्यावेत, असें सरकारी अधिकार्‍यांनीं तेव्हां लोकांस सांगितलें. 30 सप्टेंबर 1993 रोजीं किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीचीं घरें अंगावर कोसळून हजारों माणसें दगावलीं. त्यामुळें मराठवाड्यास ही सूचना समजावून सांगावी लागावी असें नाहीं. तरी ती दिसते तितकी सोपी नाहीं. ते दगड कोणी आळसानें ठेवलेले नसतात. वावटळींत पत्रे उडूं नयेत म्हणून ठेवलेले असतात. एका संकटाची तयारी दुसर्‍या संकटांत डोक्यावर पडते. दगड उतरविले तर पत्रे कशानें बांधावे, याचें उत्तर ना पोथींत आहे ना केवळ सूचनेंत. त्यास खिळे, तार आणि चार पैसे लागतात. ते ज्याच्यापाशीं नाहींत त्यास ते कोणीं द्यावे, हें विचारावयास मात्र दामाजींची कथा हातीं असलेला कीर्तनकार कोणत्याही अधिकार्‍याहून अधिक योग्य आहे. नरसीच्या उत्सवांत हें आख्यान या अंगानें लावलेलें ऐकावयास आम्हांस आवडेल.