दुधाचं चीज

झुरिकचा आमचा भाचा पुण्याला येताना पूर्वी चॉकलेटं आणत असे. माझी साखर वाढल्याचं त्याच्या कानावर गेलं आणि तो पुस्तकं आणू लागला. दोन वर्षांपूर्वी त्याने पोळपाटाएवढं रुंद आणि उंबऱ्याएवढं जाड असं एक इंग्रजी पुस्तक आणलं, आणि पुस्तक कोरडं वाटू नये म्हणून सोबत पाव किलो चीज. चीजचा आनंद कसा लुटावा, हा पुस्तकाचा विषय. पाहुण्यांना कसं वाढावं, कशाबरोबर कोणती वाईन घ्यावी, मन उदास असताना काय करून खावं आणि भेट कसं द्यावं, असे चार भाग. चित्रं इतकी सुरेख की पान उलटताना बोट तुपकट होईल असं वाटावं.

"वाचून कसं वाटलं ते कळवा हं, मामा," असं तो जाताना म्हणाला. आता मी पडलो आयुष्यभर हिशेब तपासलेला माणूस. 'छान आहे' असं लिहून सही करण्याची सवय नाही. शिवाय मराठीत आस्वादक समीक्षा म्हणून एक प्रकार आहे. त्यात समीक्षक स्वतः आस्वाद घेतो आणि वाचकाला तो कसा घेतला ते सांगतो. लग्नाला जाऊन आलेल्याने न बोलावलेल्यांना पंगतीचं वर्णन सांगावं तसं. तेव्हा अभिप्रायाला दोन वर्षं लागली.

सुरुवात शेवटच्या भागापासून करतो, कारण आमच्याकडे सुरुवातच भेटीने झाली. पुस्तक म्हणतं, वेताची टोपली घ्या, तळाशी गवत पसरा, दोन अंजिरं ठेवा, रिबीन बांधा. वासाबद्दल अवाक्षर नाही. आमच्या फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशी दूध, लोणी, कोथिंबीर आणि बर्फ अशा सगळ्यांना एकच वास येऊ लागला. तिसऱ्या दिवशी हिने त्यातला अर्धा तुकडा वरच्या मजल्यावरच्या काकांना भेट दिला. संध्याकाळी ते डबा घेऊन खाली आले. "राग मानू नका, पण हे खराब झालंय. तुमचंही बघून घ्या."

चीज भेट मिळालेल्या माणसाने काय करावं, हे अमेरिकेचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्याकडून शिकावं. त्यांना न्यूयॉर्क राज्यातल्या एका गवळीवाड्याच्या मालकाने १,४०० पौंडांचं, म्हणजे सुमारे ६३५ किलोचं, चीज पाठवलं. ते बराच काळ पडून राहिलं. शेवटी २२ फेब्रुवारी १८३७ रोजी त्यांनी व्हाइट हाउसचे दरवाजे उघडले आणि गावाला बोलावलं. लोकांनी दोनएक तासांत फन्ना उडवला. वास मात्र पुढेही रेंगाळला. पुस्तकात हा प्रसंग नाही. रिबिनीवर दीड पान आहे.

पाहुणचाराचा भाग मात्र मला झुरिकला जाऊन अनुभवायला मिळाला. भाऊजी गेल्यापासून अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, लेकाकडेच असते. आम्ही उभयता गेल्या साली महिनाभर तिकडे होतो. पहिल्याच शनिवारी भाच्याने मित्रमंडळी बोलावली आणि पुस्तकाबरहुकूम बेत केला. तासभर आधी सगळं फ्रिजबाहेर काढून ठेवलं (हे मात्र खरं आहे, थंडगार चीजला चव नसते). लाकडी फळीवर पाच तुकडे, प्रत्येकाला स्वतंत्र सुरी. सौम्यापासून उग्राकडे, घड्याळाच्या काट्याप्रमाणे, असं खात जायचं. थोडक्यात प्रदक्षिणा.

मी ब्रीचं टोक कापून घेतलं आणि टेबल गप्प झालं. चाकासारख्या गोल चीजचा तो त्रिकोणी तुकडा. टोक म्हणजे मधला भाग, सर्वांत मुरलेला. तो सगळ्यांच्या वाट्याला थोडा थोडा यावा म्हणून तुकडा लांबीने कापायचा असतो. एकट्याने टोक उडवणं याला तिकडे नाक कापणं म्हणतात. आपल्याकडेही तेच म्हणतात. हिने माझ्याकडे जे पाहिलं त्यावरून नाक फक्त ब्रीचं कापलं गेलं नव्हतं. नियम योग्यच आहे, माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती परीक्षेच्या वातावरणाची. "यात तुम्हाला अक्रोड जाणवतो का?" असं एकाने विचारलं. मी जाणवतो म्हणालो. पाहुण्याने नाही म्हणायचं नसतं.

वाईनबद्दल मी अधिकाराने बोलू नये. माझी मजल दोन घोटांची. पण पुस्तकाने जवळजवळ प्रत्येक चीजपुढे एक लाल वाईन लिहिली आहे आणि इथे माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. वाईनच्या व्यापाऱ्यांत जुनी समजूत आहे की, खरेदी करताना सफरचंद खाऊन चाखावी, विकताना गिऱ्हाइकाला चीज द्यावं. चीजचा स्निग्धपणा जिभेवर बसतो आणि वाईनचे दोष झाकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत याचा प्रयोगच झाला. आठ प्रकारचं चीज आणि लाल वाईन, सरावलेले चाखणारे. २००६ साली निष्कर्ष छापला : चीज खाल्ल्यावर वाईनच्या बहुतेक चवी फिक्या पडतात, वाईट तशा चांगल्याही. म्हणजे महागड्या वाईनबरोबर चीज खाणं हे पैठणीवर रेनकोट घालण्यासारखं. काही जोड्या खऱ्या आहेत. खारट निळं रोकफोर आणि गोड सोतेर्न, किंवा शाविन्योलचं शेळीच्या दुधाचं चीज आणि शेजारच्या सांसेरची पांढरी वाईन. बाकीचा मजकूर पंचांगातल्या पत्रिका जुळवण्यासारखा वाटला. माझा पूर्ण विश्वास एकाच जोडीवर आहे. ४ सप्टेंबर १६६६ रोजी लंडन जळत असताना सॅम्युएल पेपिस नावाच्या गृहस्थाने बागेत खड्डा खणून त्यात आपली वाईन आणि पार्मेजान चीज एकत्र पुरलं. इतक्या मनापासून केलेलं जुळवण पुस्तकात दुसरं नाही.

हे सगळं चालू असताना अक्का कुठे होती? आत. पाहुणे आले की ती आपलं ताट घेऊन आतल्या खोलीत बसते. त्या दिवशी ती पाणी घ्यायला बाहेर आली, फळीकडे पाहिलं आणि सहज विचारलं, "काय रे, हे नासवतात कशाने?"

भाचा काही बोलेना. मी नंतर पुस्तक उघडलं. सूचीत द्राक्षाला अठरा पानं आहेत, रेनेट हा शब्दच नाही. दूध घट्ट साकळवणारं हे द्रव्य परंपरेने दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून काढतात. पार्मेजानला तर नियमानेच वासराचं लागतं. बुरशीपासून केलेलं रेनेटही असतं, आपल्याकडच्या डब्यांवर त्यामुळेच हिरवा ठिपका दिसतो. वाढण्याचं शास्त्र शिकवणाऱ्या पुस्तकाने सुरीच्या आकारावर चार पानं लिहावीत आणि पाहुण्याला हे चालतं का, हा प्रश्न विचारायला शिकवू नये, हा माझ्या मते पुस्तकाचा खरा दोष. बाकीच्यांना मी हसलो. याला हसता येत नाही.

पण दोष एकट्या पुस्तकाचा नव्हता. चाळिशीचा इंजिनिअर, त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आईला कसं सांगावं हे ठाऊक नव्हतं.

"मग परवा माझ्या भातावर किसून घातलंस ते?" अक्काने विचारलं.

तो आपल्या पायांकडे बघत राहिला. आता काहीतरी होणार म्हणून मी फळीवरचा हात काढून घेतला. अक्का म्हणाली, "पुढच्या वेळी आधी विचार," आणि पाणी घेऊन आत गेली.

उरला उदासीवरच्या पदार्थांचा भाग. त्यात फोंड्यूबद्दल 'आल्प्सच्या गुराख्यांचा पिढीजात पदार्थ' असं गहिवरून लिहिलं आहे. वाईनमध्ये चीज शिजवण्याची कृती १६९९ सालच्या झुरिकच्या पुस्तकात सापडते, म्हणजे शहरातल्या स्वयंपाकघरात. सगळ्या देशाचा पदार्थ म्हणून तो गाजवला १९३०च्या दशकात चीज-संघाने. १९१४ साली स्थापन झालेली ही संस्था स्विस चीज खपवण्याचं काम करी, १९९९ साली बंद झाली. इंग्रजांच्या पबमधली 'नांगरणाऱ्याची न्याहारी', म्हणजे पाव, चीज आणि लोणचं, हीसुद्धा त्या नावाने रुजली ती चीजचं रेशनिंग १९५४ साली उठल्यावर चीजवाल्यांच्या जाहिरातीतून. हे सगळं मी पुस्तकाच्या समासात जोरात लिहून ठेवलं होतं : आजीची आठवण, प्रायोजित.

मग निघायच्या आदल्या रविवारी बर्फ पडलं. भाचा सकाळी तीन दुकानं हिंडून, डब्यांमागची बारीक अक्षरं वाचून, वासराशिवायचं चीज घेऊन आला. वाईन अक्काला चालत नाही. वाईनचा आंबटपणाच चीजचा गोळा होऊ देत नाही, म्हणून त्याने सफरचंदाचा रस घेतला, लिंबू पिळलं, थोडं कॉर्नफ्लॉवर लावलं. मातीचं एकच भांडं, खाली छोटा दिवा, भोवती आम्ही पाचजण, लांब काट्यांना पावाचे तुकडे. अक्का पहिल्यांदाच टेबलाशी बसली. ज्याचा पाव भांड्यात पडेल त्याला दंड असतो; सूनबाईने गाण्याचा ठरवला. अक्काचा तिसराच तुकडा बुडाला. लग्नाआधी ती चार वर्षं गाणं शिकली होती, हे भाच्याला मी त्या दिवशी सांगितलं. तिने भूपातली एक चीज म्हटली, मधेच थांबून, खोकून, पण अंतऱ्यासकट. भाच्याचा काटा हातातच राहिला.

समासातलं मी खोडलेलं नाही. माहिती खरी आहे. फक्त शेजारी एक फुली मारून 'चाललं' असं लिहिलं आहे.

शेवटी भांड्याच्या तळाला तांबूस कुरकुरीत थर राहतो. तिकडे त्याला मोठा मान, आणि नाव काहीतरी नन अशा अर्थाचं. भाचा सुरीने तो हळूच सोडवायला लागला.

"अरे, ही तर खरवड," अक्का म्हणाली. "सुरी ठेव. कालथा आण."