मुका फोन आणि अर्धवट शिकवलेला नियम

घरातला फोन उचलावा तर कानाशी काहीच नाही. डायल टोन नाही, खरखरही नाही. आणि त्याच तारेवर चालणारे इंटरनेट मात्र सुरू! शिरूर आणि दौंड तालुक्यांत ज्यांनी तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड घेतले, त्यांच्यापैकी अनेकांना हा अनुभव आलेला आहे. घोडनदीच्या पेठेत तो येतो, दौंडच्या रेल्वे वस्तीत येतो आणि न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाताना लागणाऱ्या उसाच्या पट्ट्यातील वस्त्यांवरही येतो. तक्रार केली की बहुधा ठरलेले उत्तर मिळते: "नेट चालू आहे ना? मग तार ठीकच आहे. तुमचा फोनच बिघडला असेल." नवा फोन आणला जातो. तोही मुकाच निघतो.

या उत्तराबद्दल आम्हांला तक्रार कार्यालयांवर टीका करायची नाही. आमची टीका शाळेतल्या एका पाठावर आहे. कारण हेच उत्तर शेजारचे विज्ञानाचे शिक्षकही देतात, दहावीत उत्तम गुण मिळवलेली मुलगीही देते, आणि दोघेही ते पुस्तकाच्या आधाराने देतात. पुस्तक सांगते की परिपथ पूर्ण असेल तरच विद्युतधारा वाहते. तो कोठेही तुटला की धारा थांबते. इंटरनेट चालू आहे, म्हणजे धारा वाहते आहे. म्हणजे परिपथ पूर्ण आहे. म्हणजे तार शाबूत आहे. तर्कात एकही पायरी चुकलेली नाही. निष्कर्ष मात्र चुकू शकतो. असे घडते तेव्हा दोष आधारविधानात शोधावा लागतो.

प्रथम फोनला काय लागते ते पाहू. एक्स्चेंजमधून आपल्या घरापर्यंत दोन तारांची एक जोडी येते. लाइनमन तिला पेअर म्हणतात. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या या जोडीवर सुमारे 48 व्होल्ट एकदिश दाब ठेवतात. (धन टोक जमिनीला जोडलेले असते, त्यामुळे तारा जमिनीच्या तुलनेत ऋण राहतात आणि ओलाव्यात तांबे झिजण्याचे प्रमाण घटते.) फोन ठेवलेला असताना धारा जवळपास शून्य असते. फोन उचलला की जोडी फोनमधून बंद होते आणि साधारण 20 ते 40 मिलिअँपिअर धारा वाहू लागते. ही धारा दिसली की एक्स्चेंजला कळते की ग्राहकाने फोन उचलला, आणि ते डायल टोन पाठवते. म्हणजे फोनचा सारा व्यवहार एकदिश धारेवर उभा आहे. जोडीतील एक तार तुटली की ही धारा वाहणार नाही आणि एक्स्चेंज समजेल की फोन ठेवलेलाच आहे.

यातला त्रासदायक भाग पुढेच आहे. बाहेरून कोणी या क्रमांकावर फोन लावला तर त्याला घंटा वाजत असल्याचा आवाज ऐकू येतो; कारण तो आवाज आपल्या घरातून जात नाही, एक्स्चेंजच तो ऐकवते. पुण्याला नोकरी करणारी मुलगी वस्तीवरच्या आईला फोन लावते, घंटा वाजत राहते, कोणी उचलत नाही. फोन बंद आहे असे तिला कोणीच सांगत नाही. ती शेजाऱ्याला धावाधाव करायला लावते. म्हणून "नेट चालू आहे ना?" या प्रश्नाचा अर्थ नीट लागणे ही केवळ परीक्षेपुरती बाब नाही.

आता ब्रॉडबँड. मानवी बोलण्यासाठी फोनच्या जोडीवर साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा वापरला जातो. तांब्याची जोडी त्याहून कितीतरी वरच्या वारंवारता वाहून नेऊ शकते. ब्रॉडबँडची एडीएसएल ही पद्धत सुमारे 25 किलोहर्ट्झपासून 1.1 मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरते, आणि तिची एडीएसएल टू प्लस ही सुधारित आवृत्ती 2.2 मेगाहर्ट्झपर्यंत जाते. या पट्ट्याचे सुमारे 4.3 किलोहर्ट्झ रुंदीचे शेकडो कप्पे पाडलेले असतात. मोडेम प्रत्येक कप्पा तपासतो. जो चांगला चालतो त्यात जास्त माहिती भरतो, जो खराब त्यात कमी भरतो, अगदीच वाईट असेल तर तो सोडून देतो. फोनला हे जमत नाही. त्याला धारा हवी, नाहीतर तो गप्प.

तार तुटली तर या उच्च वारंवारतेच्या लहरींचे काय होते? तुटलेली तार हवेत एकटी लोंबकळत नसते. ती आपल्या जोडीदाराला आणि केबलमधल्या इतर अनेक तारांना किलोमीटर-दोन किलोमीटर खेटून गेलेली असते. मध्ये फक्त प्लॅस्टिकचा पातळ थर. दोन वाहक आणि मध्ये विरोधक, म्हणजेच संधारित्र, ज्याला आपण बाजारात कंडेन्सर म्हणतो. टेलिफोनच्या जोडीची धारिता दर किलोमीटरला 50 नॅनोफॅरडच्या आसपास असते. एकदिश धारेला संधारित्र म्हणजे भिंत. बदलत्या धारेला मात्र ती भिंत पूर्ण अडवत नाही, आणि बदल जितका जलद तितका अडथळा कमी.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून हा हिशेब जरूर करून घ्यावा. संधारित्राचा अडथळा म्हणजे एक भागिले 2π गुणिले वारंवारता गुणिले धारिता. धारिता फक्त 1 नॅनोफॅरड धरू. फोनची घंटा वाजवणारी धारा 25 हर्ट्झची धरली तर तिला अडथळा येतो सुमारे 64 लाख ओहम. बोलण्याच्या 1000 हर्ट्झला तो 1 लाख 59 हजार ओहम होतो. 100 किलोहर्ट्झला सुमारे 1600 ओहम, आणि 1 मेगाहर्ट्झला उरतो केवळ 159 ओहम! तार तीच, तूटही तीच. घंटेसाठी ती तुटलेली आहे आणि ब्रॉडबँडसाठी नुसती खराब झालेली आहे. "तार तुटली आहे का?" या प्रश्नाला "कोणासाठी?" असा प्रतिप्रश्न करावा लागतो.

याहून अधिक वेळा तार तुटलेली नसतेच. डीपीतला किंवा पिलरमधला एखादा जोड गंजलेला असतो. समजा, गंजामुळे तेथे 50 हजार ओहम रोध आला. फोन उचलल्यावर 48 व्होल्ट भागिले 50 हजार, म्हणजे 1 मिलिअँपिअरही धारा मिळणार नाही. एक्स्चेंजला ती दिसत नाही, टोन येत नाही. उच्च वारंवारतेच्या लहरी मात्र गंजाच्या पातळ थराला वळसा घातल्यासारख्या पलीकडे पोहोचतात. पावसाळ्यानंतर या तक्रारी का वाढतात, हे विद्यार्थ्यांना स्वतःच सुचायला हरकत नाही.

आता मूळ पाठाकडे वळू. सहावी-सातवीच्या वर्गात घट, दिवा आणि कळ घेऊन "परिपथ पूर्ण, दिवा पेटला" हे शिकवले जाते, ते योग्यच आहे. घटाच्या बाबतीत तो नियम खरा आहे आणि त्या वयात संधारित्र आणणे हा जुलूम ठरेल. आमची तक्रार पुढची आहे. 2018 साली आलेल्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' भाग 1 मध्ये 'विद्युतधारेचे परिणाम' हे प्रकरण आहे. तेथे प्रत्यावर्ती धारा येते, जनित्र येते, भारतातील 50 हर्ट्झही येतो. म्हणजे धारेचा स्वभाव बदलला. मग धारेविषयीचा जुना नियम जसाच्या तसा राहतो काय, हा प्रश्न त्याच पानावर विचारायला हवा होता. तो विचारलेला नाही. संधारित्राची नीट भेट होते ती बारावीत, तीही विज्ञान शाखेत गेलेल्यांनाच. बाकीची सारी मुले सातवीचा नियम जन्मभर बरोबर नेतात.

"एवढे दहावीत कशाला?" असे काही शिक्षक म्हणतील. त्यांना आम्ही विचारतो, मुले ज्या घरांतून येतात तेथे काय दिसते? पंख्याचा कंडेन्सर गेला की पंखा हाताने ढकलावा लागतो. भीमेच्या काठी तीन फेजपैकी एक फेज गेली की कंडेन्सर लावून मोटर चालवणारे शेतकरी आहेत. वायरमनचा टेस्टर पाहा. तो रबरी चपला घालून प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभा असतो, तरी टेस्टरमधला निऑनचा दिवा मंद पेटतो. पुस्तकी नियमाप्रमाणे परिपथ अपूर्ण आहे, दिवा पेटता कामा नये. प्रत्यक्षात वायरमनचे शरीर आणि जमीन यांचेच एक लहानसे संधारित्र झालेले असते आणि निऑनला तेवढी अत्यल्प धारा पुरते. हे पाहिलेल्या मुलाने वर्गात शंका काढली तर "चपलांना भेग असेल" असे उत्तर मिळते. मुलाचे निरीक्षण खरे होते. नियमापुढे ते खोटे पाडले गेले. विज्ञानाच्या तासाला यापेक्षा मोठे नुकसान कोणते? (टेस्टरचा हा प्रकार वर्गात करून दाखवू नये. वायरमनचे काम वायरमनला करू द्यावे.)

भौतिकशास्त्राच्या इतिहासातही ही अडचण आली होती. संधारित्राच्या फटीतून विद्युतभार पलीकडे जात नाही, तरी बाहेरच्या तारेत बदलती धारा वाहते. मग फटीत काय चालले आहे? जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1861 ते 1865 या काळातील लेखांत याचे उत्तर दिले: फटीतले बदलते विद्युतक्षेत्र हेच धारेचे काम करते. त्यांनी त्याला विस्थापन धारा म्हटले. याच विचारातून विद्युतचुंबकीय लहरींचे भाकीत निघाले, आणि 1887-88 मध्ये हाइन्रिख हर्ट्झ यांनी त्या प्रयोगाने दाखवल्या. अपूर्ण दिसणारा परिपथ बदलत्या धारेसाठी पूर्ण असू शकतो, या एका वाक्यापासून रेडिओ फार दूर नाही.

वर्गासाठी एक निर्धोक प्रयोग सुचवतो. मोबाइलमधून बॅटरीवर चालणाऱ्या लहान स्पीकरला जाणारी ध्वनीची वायर घ्या. तिच्यातील आवाज नेणारी एक तार तोडून मध्ये 0.01 मायक्रोफॅरडचा संधारित्र जोडा. तो काही रुपयांत मिळतो. वायरवर भजन वाजवा. गाणे ऐकू येते, पण डग्ग्याचा घुमारा जातो आणि टाळ टिकून राहतात. आता तोच संधारित्र 9 व्होल्टची बॅटरी, 1000 ओहमचा रोधक आणि एलईडी यांच्या परिपथात घाला. एलईडी पेटत नाही. एकाच वस्तूने बॅटरीला अडवले, डग्ग्याला बरेचसे अडवले आणि टाळांना जाऊ दिले. फोन आणि ब्रॉडबँड यांचे भांडण मुलांना याहून सोप्या रीतीने सांगता येईल असे आम्हांला वाटत नाही.

राहिला प्रत्यक्ष बिघाड. नेट चालू असणे म्हणजे दोष घरातच, हे जसे चूक. तसेच दोष बाहेरच, हेही चूक. आवाज आणि ब्रॉडबँड वेगळे करणारी डबी, म्हणजे स्प्लिटर, बिघडलेली असू शकते. कधी घरातला दुसरा फोन नीट ठेवलेला नसतो. एक्स्चेंजमध्ये आवाजाची आणि ब्रॉडबँडची उपकरणे वेगवेगळी असतात. त्यातले आवाजाचे कार्ड गेले तर घरापर्यंतची तार निर्दोष असूनही फोन मुकाच राहतो. म्हणून तपासणीचा क्रम हवा. घरातील सर्व जोडण्या काढून, बाहेरून आलेल्या जोडीला थेट एकच चांगला फोन लावावा. शाळेतला मल्टिमीटर एकदिश व्होल्टवर ठेवून दोन तारांमधला दाब मोजावा. हे काम शिक्षकाने करावे. घंटा येते तेव्हा तारेवर 75 व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि तो चांगला झटका देतो. ढग गडगडत असताना तर तारेला हातच लावू नये. फोन ठेवलेला असताना 48 च्या जवळपास आकडा नसेल तर दोष घराबाहेर आहे. ठेवलेला असताना आकडा ठीक, पण उचलताच तो शून्याजवळ कोसळतो आणि टोन येत नाही, तर गंजलेल्या जोडाचा संशय घ्यावा. मीटर फारच थोडी धारा ओढतो म्हणून त्याला 48 व्होल्ट दिसतात. फोन जास्त मागतो म्हणून त्याला मिळत नाहीत. ओहमच्या नियमाचे इतके बोलके उदाहरण पुस्तकात नाही. सोबत मोडेमच्या पानावरचा वेगही टिपून ठेवावा. तो एरवीपेक्षा खूप उतरला असेल, तर "नेट चालू आहे" हे वाक्यही अर्धेच खरे आहे. तक्रारीत हे आकडे लिहिले तर "तुमचा फोनच बिघडला असेल" म्हणणाऱ्याला पुन्हा विचार करावा लागतो.

ज्यांच्या घरी प्रकाशतंतू आला आहे, त्यांना यातले व्होल्ट मोजून उपयोग नाही. तेथे आवाजही इंटरनेटसारखाच आकड्यांच्या पुडक्यांतून येतो आणि भिंतीवरच्या पेटीत त्याचे पुन्हा फोनच्या संकेतांत रूपांतर होते. नेट चालू आणि फोन बंद हे तेथेही घडते, पण बहुधा त्या पेटीची फोनसेवेकडे असलेली स्वतंत्र नोंदणी तुटल्यामुळे. शिवाय त्या पेटीला घरचीच वीज लागते. तांब्याच्या फोनला एक्स्चेंजची बॅटरी पुरायची; त्यामुळे गावात रात्रभर वीज नसली तरी तो चालायचा.