उत्तर न देणारा ठेका

इंग्लंडमधील लीड्सच्या ‘द सिस्टर्स ऑफ मर्सी’ या संचाची ‘फ्लडलँड’ (१९८७) ही ध्वनिमुद्रिका आम्ही चौघांनी परवा सरकारी क्वार्टरात ऐकली. श्रोते तिला ‘गॉथिक’ म्हणतात. गायक अँड्र्यू एल्ड्रिच यांना ते नाव रुचत नाही. ठेका धरते ते ‘डॉक्टर अव्हॅलांश’ नावाचे यंत्र. तबल्यावर कान पोसलेल्या आमच्या स्नेह्यांना ते निर्जीव वाटले. वाटणारच! गवयाच्या सुराला तबलिया उत्तर देतो. येथे उत्तर देणारे कोणी नाही. परंतु एल्ड्रिच यांच्या खर्जातील एकाकीपणा त्यामुळेच कानांना जाणवतो, असे माझे मत. ‘१९५९’ या गीतात ठेका लोपून पियानो तेवढा उरला, तेव्हा स्नेहीच प्रथम स्तब्ध झाले. ‘धिस करोझन’मधील न्यूयॉर्ककरांचे समूहगान मात्र मला भपकेबाज वाटले, शेजाऱ्यांनीही त्याच वेळी भिंत ठोठावली.